रावणाच्या लंकेतलं ५१ रुपयांचं पेट्रोल

परवा रात्री जेवताना सासऱ्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, मोबाइल हातभर लांब धरला आणि भावोजींनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज मोठ्यांदा वाचून दाखवला. तो असा:

‘रामाच्या भारतात पेट्रोल ९३ रुपये, सीतेच्या नेपाळमध्ये ५३, रावणाच्या लंकेत ५१! लंकेत तेलाची एक विहीर नाही, तरी तिथलं सरकार पेट्रोलवर कर घेत नाही. उलट पदरचे पैसे घालून गरिबाला स्वस्तात देतं. पुढे लंका बुडाली ती चीनच्या कर्जाने आणि सेंद्रिय शेतीच्या खुळाने, पेट्रोलचा काही संबंध नाही. आपल्यालाच लुटतात! जागे व्हा, दहा जणांना पाठवा.’

वाचून झाल्यावर बाबा म्हणाले, “बघ, एवढंसं बेट. त्यांना जमतं.” इथवरही मी गप्प बसले असते. पण दहावीतला पुतण्या म्हणाला, “काकू, वक्तृत्वाला हेच घेतो, भारी आहे.” मग मात्र राहवेना.

राहवेना, कारण हा विषय माझ्या टेबलावरचा आहे. वाळूजच्या एका लहान कारखान्यात मी निर्यातीची कागदपत्रं बघते. आम्ही तीनचाकीचे सुटे भाग करतो: ब्रेक शू, क्लच केबल, कार्बोरेटरचं किट. बराच माल न्हावाशेव्याहून कोलंबोला जातो, कारण लंकेच्या रस्त्यांवर पळणाऱ्या बहुतेक तीनचाकी बजाजच्या. कोलंबोत पंचिकावत्ता नावाचा सुट्या भागांचा मोठा बाजार आहे. तिथल्या एका व्यापाऱ्याशी माझं गेली कित्येक वर्षं जवळजवळ रोजचं बोलणं आहे. ५१ रुपयांच्या पेट्रोलचं पुढे काय झालं, ते मी त्याच्या व्हॉइस मेसेजमधून ऐकलेलं आहे.

तर आता एकेक वाक्य घेऊ.

‘लंकेत ५१ रुपये.’ हे खरं होतं. होय, होतं. पहिली ओळ भाजपचे तेव्हाचे खासदार सुब्रमण्यम स्वामी यांच्या ट्वीटची, २ फेब्रुवारी २०२१ ची, अर्थसंकल्पाच्या दुसऱ्या दिवशीची. त्या दिवशी मुंबईत पेट्रोल ९२ रुपये ८६ पैसे होतं. लंकेत ९२ ऑक्टेनचं साधं पेट्रोल १३७ लंकन रुपयांना मिळायचं आणि आपल्या एका रुपयाला साधारण २.६५ लंकन रुपये पडायचे. भागाकार करा, ५१ आणि वर थोडं येतं. नेपाळचा आकडा मात्र तेव्हाही चूकच होता. तिथला दर शंभर नेपाळी रुपयांच्या वर होता आणि आपला एक रुपया म्हणजे त्यांचे १.६० हे ठरलेलं आहे, म्हणजे साठीच्या पुढे. बरं, नेपाळ आपलं पेट्रोल इंडियन ऑइलकडूनच घेतो. सीतेचं माहेर आत्ता बाजूला ठेवू.

प्रश्न ५१ खरे की खोटे हा नाहीच. ते ५१ टिकले किती दिवस? त्यासाठी मला कुणाचं भाषण नको. लंकेची सरकारी तेल कंपनी, सिलोन पेट्रोलियम कॉर्पोरेशन, आपल्या संकेतस्थळावर जुन्या दरांचा तक्ता ठेवते. तारीख आणि दर, बाकी काही नाही. तोच मी पुतण्यासमोर ठेवला. ९२ ऑक्टेन, लंकन रुपयांत: फेब्रुवारी २०२१ ला १३७. जून २०२१ ला १५७. डिसेंबरात १७७. मार्च २०२२ ला २५४. १९ एप्रिलला ३३८. २४ मे ला ४२०. २६ जूनला ४७०.

सोळा महिन्यांत १३७ चे ४७०. तोवर लंकन रुपयाही डॉलरमागे दोनशेवरून साडेतीनशेच्या पुढे घसरला होता. तरी आपल्या पैशात केलं तर शंभराच्या वर जातं. त्याच जूनमध्ये मुंबईत १११ होते. मेसेजमधला फरक आटत आटत दहा रुपयांच्या आत आला. तोही कागदावर. कारण लंकेत ४७० मोजायची तयारी असली तरी पेट्रोल मिळत नव्हतं! २८ जून ते १० जुलै २०२२ या दिवसांत तिथल्या सरकारने खाजगी गाड्यांना पेट्रोल-डिझेल विकणंच बंद केलं होतं. रुग्णवाहिका, बस, बंदर, अन्नधान्य अशा अत्यावश्यक कामांपुरतं तेवढं चालू. ज्या देशात पंपावर ‘नाही’ हेच उत्तर आहे तिथला दर घेऊन करायचं काय?

‘तिथलं सरकार कर घेत नाही.’ हे कुठून काढलं देव जाणे. घेत होतं. आयात शुल्क होतं, उत्पादन शुल्क होतं, बंदर आणि विमानतळाची पट्टी होती. आणि एक गंमत सांगते, भावोजींना आवडणार नाही. मार्च २०२० मध्ये करोनाने कच्चं तेल कोसळलं. आपल्या केंद्र सरकारने काय केलं? १४ मार्चला लिटरमागे ३ रुपये शुल्क वाढवलं, मे महिन्यात पेट्रोलवर आणखी १०. स्वस्ताई आपल्यापर्यंत आलीच नाही. आणि रावणाच्या लंकेने काय केलं? अगदी तेच, अगदी त्याच महिन्यात. दर १३७ वर तसाच ठेवला आणि मधला फरक आयात शुल्क लावून काढून घेतला. सांगितलं असं, की यातून इंधन दर स्थिरीकरण निधी उभा करतो, उद्या भाव चढले तर त्यातून सावरू. जून २०२१ मध्ये भाव चढले. विरोधक विचारायला लागले, तो निधी कुठाय?

इथे एक कबूल करते, नाइलाजाने. २०२१ मध्ये आपल्याकडचा पेट्रोलवरचा कर जास्तच होता. लिटरमागे केंद्राचे ३२ रुपये ९० पैसे, वर मुंबई-ठाण्याला राज्याचा २६ टक्के व्हॅट आणि वर अधिभार. दिल्लीच्या दरात साठ टक्क्यांच्या आसपास करच होता. त्यावर ओरडा, मीही ओरडेन. स्कूटर माझीही आहे. नंतर नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये मिळून केंद्राने तेरा रुपये कमी केले, म्हणजे जागा होती हे त्यांनीच मान्य केलं. पण त्या भांडणात साक्षीदार म्हणून लंकेला उभं करू नका. तो साक्षीदार उलटतो.

कर कमी करण्याची खरी हौस लंकेने पेट्रोलवर नाही, बाकी सगळ्यावर भागवली. गोटाबाया राजपक्षे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले आणि डिसेंबर २०१९ पासून व्हॅट १५ टक्क्यांवरून थेट ८ वर आणला. व्हॅट भरायची मर्यादा वर्षाला १.२ कोटी लंकन रुपयांच्या उलाढालीवरून ३० कोटींवर नेली. लोक खूश. तिजोरी रिकामी. १४ नोव्हेंबर २०२३ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने गोटाबाया, महिंदा आणि बासिल या तिघा भावांना आणि काही बड्या अधिकाऱ्यांना आर्थिक संकटाला जबाबदार धरलं. ही करकपात त्यातलं मोठं कलम होतं.

आता मेसेजमधलं सर्वांत घातक वाक्य. ‘पदरचे पैसे घालून गरिबाला स्वस्तात देतं.’

पदरचे म्हणजे कुणाच्या पदरचे? सरकारच्या अर्थसंकल्पात त्यासाठी पैसे काढून ठेवले असते तर गोष्ट वेगळी. तसं नव्हतं. २०१८ मध्ये मंगला समरवीरा अर्थमंत्री असताना दरमहा भाव बदलायचं सूत्र आणलं होतं: आयातीची किंमत, वाहतूक, कर, मार्जिन, बेरीज करा आणि लावा. लोकांना ते आवडलं नाही, कुणाला आवडेल? राजपक्षे आल्यावर ते गुंडाळलं. दर गोठला. जगात तेल महाग होत गेलं, तेल कंपनी तोट्यात विकत गेली आणि मधलं भगदाड दोन सरकारी बँकांच्या डॉलरमधल्या कर्जाने बुजवलं. २०२१ च्या ऑक्टोबरात बँक ऑफ सिलोन आणि पीपल्स बँक यांचं मिळून तेल कंपनीकडे सुमारे ३३० कोटी डॉलर येणं होतं. वीज मंडळाची तीच रड: ते तेल कंपनीकडून उधारीवर तेल घेणार, आणि विजेचे दर आठ-नऊ वर्षं हलवले नाहीत म्हणून ती उधारी फेडू शकणार नाही. किराणावाल्याची वही बँकेत, बँकेची वही सरकारकडे, सरकारची वही परदेशात.

आणि ज्याने दर वाढवायचं धाडस केलं त्याचे हाल काय? जून २०२१ मध्ये ऊर्जामंत्री उदय गम्मनपिला यांनी २० रुपये वाढवले. विरोधकांनी अविश्वास ठराव आणला हे समजू शकतं, त्यांचं ते कामच. पण सत्ताधारी पक्षाच्या सरचिटणीसांनीच पत्रक काढून त्यांचा राजीनामा मागितला! निर्णय सगळ्यांचा, दगड एकाला. ठराव पडला, मंत्री वाचले. पण पुढची वाढ व्हायला सहा महिने लागले. ते सहा महिने किती महागात पडले ते मला आमच्या व्यापाऱ्याने समजावायची गरज पडली नाही, माझ्या फायलीत दिसत होतं. त्याची एलसी, म्हणजे मालाच्या पैशाची बँकेची हमी, उघडेना. माल तयार, कंटेनर बुक, आणि तिथली बँक म्हणते डॉलर नाहीत, पुढच्या आठवड्यात बघू. असे अकरा आठवडे मी दर सोमवारी फोन केला. ब्रेक शूसाठी जिथे डॉलर नाहीत तिथे तेलाच्या जहाजाला कुठून येणार? नोव्हेंबर २०२१ मध्ये सपुगस्कंदाचा तेलशुद्धीकरण कारखाना बंद ठेवावा लागला, कच्चं तेल घ्यायला पैसे नव्हते. लंकेची ती एकुलती एक रिफायनरी, १९६९ पासूनची.

मग ‘गरिबाला.’ हिशेब साधा आहे. सरकार लिटरमागे २० रुपये तोटा सोसतं असं धरा. कोलंबोच्या सिनॅमन गार्डन्समधला बंगलेवाला जीपमध्ये ६० लिटर भरतो, त्याला १,२०० रुपयांची भेट. तीनचाकीवाला पाच लिटर भरतो, त्याला शंभर. ज्याच्याकडे गाडीच नाही त्या चहामळ्यातल्या बाईला शून्य, पण बँकेचं कर्ज मात्र तिच्याही डोक्यावर. हे माझ्या मनाचं नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अभ्यासकांनी वीस विकसनशील देशांची आकडेवारी तपासून २०१२ मध्ये छापलं की इंधनाच्या अनुदानातलं वरच्या २० टक्के घरांना जे मिळतं ते खालच्या २० टक्क्यांच्या सहापट असतं, आणि नुसतं पेट्रोल घेतलं तर फरक याहून कितीतरी मोठा. तीनचाकीवाल्याला स्वस्त पेट्रोल लागत नाही असं माझं म्हणणं नाही. आमचा धंदाच त्याच्यावर आहे. पण त्याला शंभर रुपये पोचवायला बंगलेवाल्याला बाराशे द्यायची ही कुठली पद्धत?

रॉकेलचं मात्र वेगळं होतं, ते खरोखर गरिबाचं इंधन. किनाऱ्यावरच्या मच्छिमारांच्या बोटींची इंजिनं त्यावर चालतात, चहामळ्यातल्या लाइनींत, म्हणजे मजुरांच्या चाळींत, चूल आणि दिवा त्यावर. त्याचा दर २०२२ च्या ऑगस्टपर्यंत ८७ रुपयेच ठेवला होता. ऐकायला किती दयाळू! जूनमध्ये डिझेल ४६० आणि रॉकेल ८७. आता मला सांगा, या दोन आकड्यांच्या मधल्या जागेत काय होतं हे महाराष्ट्रातल्या माणसाला कुणी शिकवायला हवं? २५ जानेवारी २०११ ला मनमाडजवळ भेसळीचा अड्डा पकडायला गेलेल्या अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळलं, ते याच फरकातल्या पैशासाठी. रेशनचं रॉकेल आणि पंपावरचं डिझेल यांत जेवढं अंतर, तेवढी टोळ्यांची कमाई. लंकेतही ८७ चं रॉकेल मच्छिमाराला मिळेचना. बोटी वाळूत उलट्या. शेवटी ऑगस्टात एका रात्रीत २५३ रुपये वाढवून ३४० केलं. चौपट. वर्षानुवर्षं दरवर्षी पाच-दहा रुपये वाढले असते तर कोळी कुरकुरला असता आणि बोट काढली असती. त्याला मात्र एका रात्रीत पाण्यात ढकललं.

रांगांचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण वक्तृत्वाला जाणाऱ्या पोराला ‘दर’ म्हणजे फलकावरचा आकडा वाटतो. मार्च २०२२ मध्ये उन्हात रांगेत उभे असलेले सत्तरीतले दोघे जण कोसळून गेले. २२ मार्चला पंपांवर सैन्य उभं केलं. १९ एप्रिलला, ज्या दिवशी ३३८ झाले त्याच दिवशी, रंबुक्कना इथे दरवाढीविरुद्ध रस्त्यावर बसलेल्यांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या, एक जण मेला. जुलैच्या शेवटाला क्यूआर कोडचा पास सुरू झाला: मोटरसायकलला आठवड्याला चार लिटर, तीनचाकीला पाच, कारला वीस. पाच लिटर म्हणजे तीनचाकीवाल्याचा दीड-दोन दिवसांचा धंदा. उरलेले पाच दिवस काय करायचं?

त्याच काळात मी आमच्या व्यापाऱ्याला विचारलं होतं, ब्रेक शूची ऑर्डर कधी टाकताय? पैसे नसतील तर थांबू, पण अंदाज तरी द्या. त्याने उलटा व्हॉइस मेसेज टाकला. आवाजात थट्टा होती की थकवा, मला अजून कळलेलं नाही. म्हणाला, मॅडम, ब्रेक शू झिजतच नाहीत. गाडी तीन दिवस रांगेत असते. रांग पुढे सरकली की पोरं गाडी हाताने ढकलतात, इंजिन सुरू केलं तर आहे ते पेट्रोलही जाईल. ब्रेक कशाला लागतोय? तुमच्याकडे सीटचे फोम असतील तर पाठवा, ड्रायव्हर गाडीतच झोपतात.

मी हे जेवताना सांगितलं तेव्हा बाबा काही बोलले नाहीत. भावोजी तिथे नव्हते, नाहीतर ते चीनवर गेले असते. तर चीन आणि सेंद्रिय शेती, भराभर. खतबंदी खरीच मूर्खपणाची होती. २०२१ च्या एप्रिल-मे मध्ये रासायनिक खतांची आयात एकदम बंद केली आणि नोव्हेंबरात मागे घेतली, तोवर भाताचं आणि चहाचं नुकसान झालं होतं. त्यात अर्धं सत्य आहे, घ्या. चीनचं कर्जही होतं, पण परदेशी कर्जातला सर्वांत मोठा हिस्सा बाजारात विकलेल्या रोख्यांचा होता. करोनाने पर्यटन बसलं. डॉलरचा भाव दोनशेवर बळंच धरून ठेवल्यामुळे आखातात राबणारे लंकन घरी पैसे हुंडीने पाठवायला लागले, बँकेत डॉलर येईनात. या सगळ्याची गोळाबेरीज म्हणजे १२ एप्रिल २०२२, परदेशी कर्ज फेडता येणार नाही असं लंकेने जाहीर केलं तो दिवस. मे महिन्यात अर्थमंत्री सांगत होते की हातात वापरता येण्याजोगे पाच कोटी डॉलरही नाहीत. २०१९ च्या अखेरीला गंगाजळी साडेसातशे कोटी डॉलरच्या वर होती. पण ‘पेट्रोलचा काही संबंध नाही’? जो देश तेलाचा प्रत्येक थेंब डॉलर मोजून जहाजाने आणतो, तिथे डॉलर आटत असताना तेल स्वस्त ठेवणं म्हणजे टाकीला भोक आणि वरून नळ बंद. स्वस्त आहे म्हणून खप तर कमी होत नाही!

आणि हो, त्या वेळी लंकेला तेल कुणी दिलं? फेब्रुवारी २०२२ मध्ये भारताने ५० कोटी डॉलरची इंधनासाठीची उधारी दिली, नंतर आणखी दिली. ९३ रुपयांच्या भारताने. मेसेजवाल्याला हे घालायचं सुचलं नाही.

नंतर काय झालं तेही सांगते, नाहीतर म्हणाल जुनंच उगाळतेय. सूत्र परत आलं, दर महिन्याला भाव बदलतो, क्यूआर पास सप्टेंबर २०२३ ला गेला. १ जानेवारी २०२४ पासून पेट्रोल-डिझेलवर १८ टक्के व्हॅटही लागला. २०२४ च्या शेवटी दर तीनशेच्या थोडा वर होता, आपले नव्वदेक रुपये. तेव्हाही मुंबईपेक्षा कमीच, हो, मला भागाकार येतो. पण ‘कर नसलेलं’ आणि ‘५१’ हे दोन्ही गेलं. गरिबाला मदत आता अस्वेसुमा योजनेतून थेट खात्यात जाते. तीत यादीच्या तक्रारी भरपूर, पण निदान जीपवाल्याला त्यातून काही मिळत नाही.

आणि त्या जुन्या स्वस्ताईचं बिल? निवडणुकीआधी कर काढून पेट्रोल स्वस्त करू म्हणणारे अनुरा कुमारा दिसानायके २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. २०२५ मध्ये त्यांच्याच ऊर्जामंत्र्यांना सांगावं लागलं, की प्रत्येक लिटरमागे ५० रुपये तेल कंपनीचं जुनं कर्ज फेडायला जातात, ते फिटल्याशिवाय काढता येणार नाहीत. मी आमच्या व्यापाऱ्याला हे विचारलं, खरं का? म्हणाला, खरं. त्याच्या धाकट्याने नुकतीच मोटरसायकल घेतली आहे, सेकंडहँड. पाच लिटर भरले की अडीचशे रुपये २०२१ च्या पेट्रोलचे. २०२१ मध्ये तो आठवीत होता, सायकलने शाळेत जायचा.